आयतें पान आणि मिळविलेलें पान

सन २०१७ मध्यें १७ वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतांत भरली. तींत आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, हें आम्हां नृसिंहवाडीकरांसहि भूषणावह होय. तथापि इतर २३ संघ आपापल्या खंडांत पात्र ठरून आले. भारताचें पान यजमान म्हणून आयतेंच मांडलें गेलें. तिन्ही सामने आपण हरलों. सन २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत मात्र आपली मुलें उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत झगडलीं आणि दक्षिण कोरियाकडून ०–१ हरल्यानें जागतिक प्रवेश एका विजयानें हुकला. आमच्या मतें हा पराभवच अधिक मोलाचा. म्हणून पालकांनीं मुलांस सायंकाळीं मैदानावर धाडावें, आणि विद्यार्थ्यांनीं शाळेच्या संघांतील जागा शिफारशीनें नव्हे, कसोटीनेंच मिळवावी.