पाणी तापवायच्या रॉडचा हिशेब



गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी पाणी तापवायचा रॉड भिंतीवरील लहान प्लगमध्ये लावत होतो. थोड्याच दिवसांत प्लग काळा पडला आणि एका सकाळी जळका वास सुटला. वायरमन म्हणाला, "लोड जास्त झाला." जास्त म्हणजे किती, हे त्याला विचारावे लागू नये. तो हिशेब साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे.

आपल्या शहरातील पाणचक्की आठवा. झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडले आणि त्या जोरावर जाते फिरविले. पाण्याला जी उंची, तोच विजेचा दाब. त्याचे माप व्होल्ट. पाणी किती वाहते, तो प्रवाह. त्याचे माप अँपिअर. अरुंद नळ पाणी अडवितो, तसा तारेचा रोध. त्याचे माप ओहम. उंची आणि प्रवाह मिळून जाते फिरते, ती शक्ती. तिचे माप वॅट.

सूत्रे दोनच :

दाब = प्रवाह × रोध
शक्ती = दाब × प्रवाह

पहिले सूत्र जर्मनीतील गेऑर्ग ओहम यांच्या १८२७ सालच्या ग्रंथातून जगापुढे आले. ते कुलुपे करणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. वडील स्वतःच्या हिमतीवर शिकले आणि त्यांनीच मुलाला गणित शिकविले.

आता रॉड पाहा. त्यावर १५०० वॅट लिहिले आहे आणि घरातील दाब २३० व्होल्ट. १५०० ÷ २३० = सुमारे साडेसहा अँपिअर. लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे त्याला ६ × २३० = १३८० वॅटच झेपतात. म्हणून रॉड १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लावावा. रॉडचा रोध २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम. प्लगची पिन सैल असेल, तर तेथेही रोध वाढतो आणि पाण्याऐवजी प्लग तापू लागतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालू नका. मग फ्यूजऐवजी भिंतीतील वायर जळेल.

सर्वांत महत्त्वाचे माणसाच्या जिवाचे. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर. हा आकडा लहान दिसतो, पण जीव घेण्यास पुरेसा आहे. जीव वाचविण्यासाठी घरात बसवितात ते आरसीसीबी ०.०३ अँपिअरची गळती होताच वीज तोडते. म्हणून रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहू नका. आधी बटण बंद करा, मग प्लग काढा, त्यानंतरच पाण्याला हात लावा. अर्थिंगची तिसरी पिन कधीही कापू नका.

बिलाचा हिशेबही असाच. १००० वॅट एक तास वापरले की एक युनिट. रॉड वीस मिनिटे चालला की अर्धे युनिट.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना देशाच्या विजेच्या धोरणाचे काम बाबासाहेबांकडे होते. १९५० साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केले. ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारावी, अशी तथागतांची शिकवण आहे. तेव्हा आज रात्री मुलांना जवळ घ्या, घरातील प्रत्येक उपकरणावरचे वॅट वहीत लिहा आणि २३० ने भागा. कोणत्या प्लगवर किती भार आहे, ते मुलेच सांगतील.

जयभीम.