संगणकाच्या तक्त्यात गोमंतक मावतो का?

डेटाबेस शिकवण्याची पद्धत आणि राज्याच्या नोंदी यांचा मेळ घालण्याची वेळ

मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचे काम ४ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत हाती घेण्यात आले, त्यांत गोव्याचाही समावेश होता. मतदाराने आपले किंवा आपल्या आईवडिलांचे नाव सुमारे दोन दशकांपूर्वीच्या यादीत शोधून त्याचा तपशील अर्जात भरावा, अशी ही रीत. वरकरणी ती सोपी वाटते. परंतु गोमंतकीय घरात ती सोपी राहत नाही. वडिलांच्या जुन्या कागदावर पोर्तुगीज वळणाचे ‘नाईक’ वेगळ्या रोमन स्पेलिंगने लिहिलेले असते, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तेच आडनाव इंग्रजी वळणाने येते. लग्नानंतर आडनावाबरोबर स्वतःचे नावही बदललेल्या स्त्रीला माहेरच्या नोंदीशी जोडायचे म्हणजे दोन निराळ्या व्यक्तींना एक ठरवायचे. माणूस तोच, घर तेच. जुळत नाहीत ती अक्षरे.

या अडचणीकडे प्रशासकीय गैरसोय म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हा माहितीच्या रचनेचा प्रश्न आहे, आणि संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात त्यासाठी एक स्वतंत्र विषय असतो. डेटाबेस व माहिती प्रणाली या नावाने तो बहुतेक महाविद्यालयांत शिकवला जातो. राज्याच्या नोंदी ज्या तरुणांच्या हाती उद्या जाणार आहेत, त्यांना तो कसा शिकवला जातो याचा विचार म्हणूनच परीक्षेतील गुणांच्या पलीकडे जाऊन करावा लागतो.

या विषयाचा पहिला धडा ओळखीचा असतो. तक्त्यातील प्रत्येक ओळ दुसरीपासून निर्विवादपणे वेगळी ठरवणारे काहीतरी हवे. त्याला प्रायमरी की म्हणतात. नाव हे काम करू शकत नाही, कारण एका गावात एकाच नावाची चार माणसे असू शकतात. म्हणून क्रमांक दिला जातो. परंतु क्रमांक दिला की काम संपत नाही. तो कोणत्या मर्यादेत अद्वितीय आहे, हेही ठरवावे लागते. मार्च २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने जो खुलासा केला, तो या धड्याचे उत्तम उदाहरण आहे. निरनिराळ्या राज्यांतील काही मतदारांची ओळखपत्रे एकाच क्रमांकाची निघाली होती. सर्व राज्यांच्या याद्या एका मंचावर येण्यापूर्वी काही राज्यांनी अक्षरे व अंकांची एकच मालिका वापरली होती, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले. राज्याच्या सीमेपुरता निर्दोष असलेला क्रमांक देशाच्या यादीत आला आणि सदोष ठरला. वर्गात ही चूक गृहपाठात सुधारता येते. प्रत्यक्षात तिचे पडसाद संसदेपर्यंत उमटले.

या शास्त्राचा पाया १९७० साली घातला गेला. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची कल्पना गणिताच्या आधारे सिद्ध केली. तोवर माहिती यंत्रात कोणत्या वाटेने साठवली आहे, हे ठाऊक असल्याखेरीज ती काढता येत नसे. कॉड यांनी साठवण आणि आशय यांची फारकत केली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी त्याच्या एक पायरी आधीचा विचार मांडला: तक्ते आखण्यापूर्वी जगात कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, याचे चित्र काढावे. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज बँकेचे खाते असो वा रेल्वेचे आरक्षण, या दोन कल्पनांवाचून ते चालत नाही.

कॉड यांच्याच सिद्धांतातून सामान्यीकरणाचा नियम आला. एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी नोंदवावी, असा त्याचा गाभा. पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत, व्यवसाय परवान्याच्या वहीत आणि कचरा शुल्काच्या वहीत एकाच घरमालकाचा पत्ता तीनदा लिहिला गेला, तर पत्ता बदलल्यावर तो एका वहीत सुधारला जाईल आणि दोन वह्यांत जुनाच राहील. पुढे कोणता खरा, हे कोणी सांगू शकणार नाही. पत्ता एकदाच लिहून इतर वह्यांनी त्याच्याकडे बोट दाखवावे, हा त्यावरचा उपाय. गृहिणी जसा एका जिन्नसाचा एकच डबा ठेवते, तसाच हा व्यवहार आहे.

पदवीच्या वर्गात हे सारे दोन प्रसिद्ध ग्रंथांच्या आधारे शिकवले जाते. एक सिल्बरशात्झ, कॉर्थ आणि मुंबईच्या आयआयटीतील एस. सुदर्शन यांचा, दुसरा एल्मास्री आणि अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठाचे शामकांत नवाथे यांचा. मराठी आडनाव जगभरच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात पोहोचवणारा हा ग्रंथ अभिमानाचा विषय आहे. पहिल्या ग्रंथातील चालू उदाहरण विद्यापीठाचे आहे, दुसऱ्यातील एका कंपनीचे. प्राध्यापकाचा विभाग एकच, कर्मचाऱ्याचा वरिष्ठ एकच, विभागाचा व्यवस्थापकही एकच. शिकण्याच्या सुरुवातीला असे आखीव जग आवश्यक असते, यात शंका नाही. अडचण पुढे येते. ग्रंथातील कंपनीवरून विद्यार्थी थेट ग्रंथालय किंवा रुग्णालय यांच्या ठरावीक प्रकल्पाकडे वळतो, मागील तुकडीची फाइल उघडतो, नावे बदलतो आणि पदवी घेऊन बाहेर पडतो. कोणाही माणसाला ‘तुमच्याकडे ही नोंद नेमकी कशी ठेवतात?’ असे विचारण्याची पाळी त्याच्यावर येत नाही.

गोव्यात हा प्रश्न विचारला, तर ग्रंथातील चौकट लगेच अपुरी पडते. जमिनीचेच पाहावे. एक-चौदाच्या उताऱ्यावर एका सर्वे क्रमांकापुढे अनेक कब्जेदारांची नावे असतात, कुळांची नोंद वेगळी, इतर हक्क आणखी वेगळे. मुंडकाराचे घर ज्या जमिनीवर उभे असते, तिचा मालक दुसराच असतो, आणि १९७५ च्या कायद्याने त्या मुंडकाराला संरक्षण दिलेले असते. ‘मालक’ या शीर्षकाचा एक रकाना आखून जो विद्यार्थी मोकळा होईल, त्याने गोव्यातील भूसंबंधांपैकी निम्मे पुसून टाकले, असे म्हणावे लागेल.

विवाहाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या येथील कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामायिक मानली जाते. त्यामुळे ‘विवाहित की अविवाहित’ एवढेच विचारणारा रकाना गोव्यात पुरेसा नाही. विवाह कोणत्या व्यवस्थेखाली झाला, हेही नोंदवावे लागते. दिल्लीतील करयंत्रणेला हे मान्य करावे लागले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ५ अ होते. त्यानुसार या संहितेखालील दांपत्याचे पगाराव्यतिरिक्त उत्पन्न दोघांत समान विभागले जाते. विवरणपत्रात त्यासाठी स्वतंत्र प्रश्न आणि स्वतंत्र अनुसूची ठेवावी लागली. देशाच्या अवाढव्य प्रणालीत एका लहान राज्यासाठी जागा करता येते, याचा हा पुरावा आहे. परंतु तशी गरज आहे, हे आधी कोणाला तरी माहीत असावे लागते. कायदा जाणणारा आणि तक्ता आखणारा यांची गाठ पडली, तरच ते घडते.

तिसरी कसोटी लिपीची. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव संगणकावर एकापेक्षा अधिक प्रकारे टंकता येते. त्यातील ‘ऱ’ हे एक स्वतंत्र चिन्ह असू शकते, ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी जोडी असू शकते, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा क्रमही असू शकतो. डोळ्यांना तिन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला ती वेगळी वाटतात. ती आधीच एका रूपात आणण्याची तजवीज नसेल, तर शोध घेणाऱ्या कारकुनाला ‘नोंद आढळली नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्यात कोंकणी, मराठी आणि रोमन अशा तीन परंपरांतून एकाच कुटुंबाची नावे येतात. प्रभूचे ‘पोरोबो’ होते आणि शेणवींचे ‘सिनाय’. नाव व आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा असलेल्या राज्यात, माणसाच्या सर्व पूर्वीच्या नावांची कालक्रमासह नोंद ठेवणारा तक्ता ही चैन मानता येणार नाही.

चौथी कसोटी सर्वांत गंभीर आहे. जमिनी बळकावण्याच्या प्रकरणांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले आणि पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसवला. परदेशी गेलेल्या किंवा वारस नसलेल्या मालकांच्या मालमत्ता बनावट जुन्या दस्तऐवजांच्या आधारे हडपल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. बनावट कागद ओळखणे हे संगणकाचे काम नाही. खोटी नोंद भरली, तर तीही तो इमानाने जपतो. तथापि जुनी नोंद कधीही खोडायची नाही, नवी तिच्यापुढे लिहायची आणि कोणी, केव्हा, कशाच्या आधारे लिहिली हे प्रत्येक वेळी टिपायचे, अशी रचना असेल तर फसवणुकीचा माग राहतो. हा तपशील अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रकरणात घाईने आटोपला जातो. गोव्यात तो पहिल्या प्रकरणात हवा.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की विद्यार्थ्याला नोकरी पुण्यात वा बंगळुरूत करायची असते. तेथे त्याला मुंडकार भेटणार नाही. हे खरे आहे. परंतु तेथे त्याला विमा, शेती किंवा औषधव्यवसाय यांतील तितकीच गुंतागुंत भेटेल, आणि ती समजून घेण्याची सवय कोठेतरी लागलेली असावी लागेल. शिवाय साध्या सूचनेवरून संगणकाची भाषा लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता विद्यार्थ्याच्या हाती आली आहेत. प्रश्नावली लिहिण्याचे कौशल्य स्वस्त होत असताना, काय नोंदवावे आणि काय नोंदवू नये हे ठरवणाऱ्याचे मोल वाढत जाणार.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. शासकीय कार्यालये आपली माहिती विद्यार्थ्यांना देणार नाहीत, आणि देऊही नये; २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आल्यापासून तर नाहीच. मात्र रचना शिकण्यासाठी भरलेल्या अर्जाची गरज नसते, कोरा अर्ज पुरतो. पंचायतीचा जन्मनोंदणीचा कोरा नमुना, एक-चौदाचे रिकामे रकाने, कोमुनिदादच्या नोंदींचे शीर्षक आणि ते भरणाऱ्या अनुभवी कारकुनाशी तासभराचे संभाषण, एवढ्या साहित्यावर एक उत्तम प्रकल्प उभा राहतो. त्याच कायद्याने नागरिकाला आपल्या चुकीच्या नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कासाठी तक्त्यात वाट कशी ठेवायची, हाही अभ्यासाचा विषय व्हावा.

अशा बदलासाठी काळ अनुकूल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचे पदवी अभ्यासक्रम गोव्यात २०२३-२४ पासून सुरू झाले असून त्यांत प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक आहेत. बीसीए हा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आहे. श्रेयांकांची ही जागा एखाद्या कंपनीच्या प्रमाणपत्राने भरून टाकायची, की तालुक्याच्या मामलेदार कचेरीत, पुराभिलेखागारात आणि भाषा विभागात विद्यार्थी पाठवून भरायची, याचा निर्णय महाविद्यालयांच्या हाती आहे. त्यासाठी संगणकाच्या अध्यापकाला कायद्याच्या आणि मराठी-कोंकणीच्या अध्यापकाबरोबर एका मेजावर बसावे लागेल. वेळापत्रकाच्या दृष्टीने हे अवघड आहे, अशक्य नाही.

पुढील यादी, पुढील पुनर्मोजणी आणि पुढील योजना येतच राहतील. त्या वेळी कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या वृद्धेला तिची दोन नावे एकाच स्त्रीची आहेत हे पुन्हा शपथेवर सांगावे लागेल काय, याचे उत्तर बऱ्याच अंशी आज तिसऱ्या वा चौथ्या सत्रात बसलेला कोणी विद्यार्थी रकाने कसे आखतो, त्यावर अवलंबून राहील.