वशिंडाच्या उंचीवरून मांसाची पारख करावी काय?

ऑस्ट्रेलियातील कत्तलखान्यांत गुरांच्या सोललेल्या धडावरील वशिंडाची उंची पट्टीने मोजून नोंदविण्याची पद्धत आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या देशात मांसाच्या प्रतवारीची जी नवी व्यवस्था उभी राहिली, तिची ही एक पायरी होय. वशिंड जितके उंच, तितका त्या जनावरात उष्ण प्रदेशातील वंशाचा अंश अधिक. आणि तो अंश जितका अधिक, तितके मांस चिवट निघण्याचा संभव अधिक, असे अनुमान तिच्यामागे आहे. या अनुमानाने मांसाची प्रत उतरते, आणि प्रत उतरली की गोपालकाच्या पदरात पडणारी किंमतही उतरते.

हे अनुमान कितपत न्याय्य आहे? आमच्या मते ते सरासरीपुरते खरे, परंतु एकेका जनावराविषयीचा निवाडा या नात्याने अपुरे आहे. त्याची उणीव आनुवंशिकीला भरून काढता येईल. मात्र जुनीच चूक नव्या वेषात पुन्हा करण्याचे तिने टाळले पाहिजे.

प्रथम या वशिंडाचा इतिहास पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी गीर, कांकरेज, ओंगोल व कृष्णाकाठची गुरे भारतातून, काही थेट तर काही ब्राझीलमार्गे, अमेरिकेच्या दक्षिण भागात पोहोचली. त्यांच्या संकरातून ‘ब्राह्मन’ नावाची जात तयार झाली, आणि १९२४ मध्ये तिच्या पैदासकारांची संघटना स्थापन झाली. १९३३ मध्ये या जातीची काही जनावरे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात नेण्यात आली. तेथे हेरेफर व शॉर्टहॉर्न या ब्रिटिश जाती उन्हाने व गोचिडांनी हैराण होत असत. वशिंडाची गुरे मात्र ऊन सोसत, निकस गवतावर तग धरीत, आणि गोचिडांचा उपद्रव त्यांना बेताचाच होई. आज उत्तर ऑस्ट्रेलियातील कळपांत या रक्ताचा मोठा वाटा आहे. तो काढून टाकल्यास तेथील गोपालन टिकणे कठीण.

असे असता या गुरांच्या मांसाविरुद्ध तक्रार का व्हावी? ती निराधार नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. मांसाचे मार्दव मोजण्यासाठी वॉर्नर व ब्राट्झलर यांच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र वापरतात. शिजविलेल्या मांसाची लहानशी कांडी बोथट पात्याने आडवी कापण्यास किती बल लागते, हे ते दाखविते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर येथे मांसोपयोगी पशूंची सरकारी संशोधन संस्था आहे. तेथील प्रयोगांत असे आढळले की, वशिंडाच्या गुरांचा अंश वाढत जातो तसतसे हे बलही सरासरीने वाढत जाते.

याचे कारण स्नायूंच्या रसायनात आहे. जनावर मेल्यानंतर स्नायू ताठरतात; पुढे काही दिवस मांस थंड जागी टांगून ठेवले असता ते हळूहळू मऊ होते. हे काम मुख्यत्वे ‘कॅल्पेन’ नावाचे विकर करते. कॅल्शियमच्या सान्निध्यात ते स्नायुतंतूंना बांधून ठेवणारी प्रथिने तोडते. त्याला आवर घालणारे दुसरे प्रथिन म्हणजे ‘कॅल्पास्टाटिन’. वशिंडाच्या गुरांच्या स्नायूंत, कत्तलीनंतर एक दिवस उलटला तरी, या दुसऱ्या प्रथिनाची क्रियाशीलता सरासरीने अधिक असते. कात्री तीच, परंतु तिला घातलेले म्यान अधिक घट्ट, असे म्हटले तरी चालेल.

परंतु सरासरी म्हणजे व्यक्ती नव्हे. एखाद्या वर्गातील विद्यार्थ्यांची सरासरी उंची दुसऱ्या वर्गाहून कमी असली, म्हणून त्यातील प्रत्येक मुलगा बुटका ठरत नाही. उष्ण प्रदेशातील जातींचा ऑस्ट्रेलियात जो अभ्यास झाला, त्यावरून त्यांच्या मांसाच्या मार्दवात दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की, एकाच जातीत कोवळ्या मांसाचे वळू आहेत व चिवट मांसाचेही आहेत, आणि हा गुण काही अंशी संततीत उतरतो. वशिंडाची पट्टी या दोहोंत भेद करू शकत नाही. उलट जो गोपालक कष्टाने कोवळ्या मांसाची वंशावळ निवडतो, त्यालाही ती बेफिकीर शेजाऱ्याच्याच पंक्तीत बसविते. निवडीचे फळ जर हाती लागणारच नसेल, तर निवड करील कोण?

उरलेला फरक पुष्कळसा माणसाच्या हातचा आहे. धड फार झपाट्याने गार केले तर स्नायू आखडून मांस चिवट होते. पुरेसे दिवस टांगले नाही तर ते मऊ होण्यास अवसर मिळत नाही. कत्तलीपूर्वी जनावर बिथरले तर मांस काळपट होते. ऑस्ट्रेलियातील प्रतवारी यांपैकी अनेक गोष्टी हिशेबात घेते, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आमचा आक्षेप वंशाच्या त्या एका रकान्यापुरताच आहे.

तर मग वशिंडाऐवजी जनुकच तपासावे, असे कोणी म्हणेल. सूचना योग्य आहे. परंतु येथेच एक खाचखळगा आहे. २००२ मध्ये कॅल्पेनच्या जनुकातील काही भेद प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एका भेदामुळे त्या प्रथिनाच्या ३१६ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ॲलानिन हे ॲमिनो आम्ल येते, आणि ॲलानिनधारी गुरांचे मांस सरासरीने अधिक कोवळे आढळते. चाचणी हाती आली असे वाटले. परंतु वशिंडाच्या गुरांत हा अनुकूल भेद अत्यंत विरळ आहे. म्हणजे ज्या कळपांना निवडीची गरज सर्वांत अधिक, तेथेच ही चाचणी जवळजवळ निरुपयोगी! अखेर त्याच जनुकातील दुसरी एक खूण शोधावी लागली. ती दोन्ही प्रकारच्या गुरांत उपयोगी पडते, असे २००५ मध्ये दाखविण्यात आले.

हा प्रसंग अपवादात्मक मानू नये. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली गुरांची पहिली संपूर्ण जनुकलिपी एका हेरेफर गाईची होती. हजारो खुणा एकदम तपासणाऱ्या आरंभीच्या चाचण्यांतील खुणाही मुख्यतः युरोपीय जातींतून निवडलेल्या होत्या. एका वंशावर घडविलेले माप दुसऱ्या वंशाला लावले, तर ते वशिंडाच्या पट्टीहून फारसे शहाणे ठरत नाही. केवळ अधिक महाग ठरते. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, ज्या जातीची पारख करावयाची, तिच्याच कळपांतून मांसाची मोजणी करून चाचणीची सत्यता ठरवावी.

दुसरे म्हणणे असे की, एकाच गुणाच्या मागे धावू नये. बेल्जियममधील ‘बेल्जियन ब्लू’ ही जात या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारी आहे. स्नायूंच्या वाढीस लगाम घालणारे मायोस्टाटिनचे जनुक तिच्यात निकामी झालेले आहे. त्याचे कारण १९९७ मध्ये उघड झाले. त्यामुळे तिचे मांस विपुल, कमी चरबीचे व कोवळे असते. परंतु वासरे इतकी मांसल असतात की बहुसंख्य गाईंचे बाळंतपण शस्त्रक्रियेनेच करावे लागते. ब्राह्मन गुरांत मार्दवाच्या नादाने ऊन व गोचीड सोसण्याचा गुण गमावला, तर तीही तशीच फसगत होईल. वळू निवडताना हे गुण एकत्र तोलले पाहिजेत.

वशिंड मोजण्यास खर्च नाही, चाचणीस मात्र पैसा लागतो, हा व्यवहारी आक्षेप आम्ही अमान्य करीत नाही. पट्टी आजच फेकून द्यावी, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु तिला तात्पुरता आडाखा समजावे, निवाडा समजू नये. आणि जो पैदासकार आपल्या वळूंच्या संततीचे मांस मोजून दाखवील, त्याला त्या मोजणीप्रमाणे किंमत मिळावी. असे झाले तर पुढच्या पिढीतील वशिंड तितकेच उंच राहील, आणि त्याखालील मांस मात्र पूर्वीहून कोवळे असेल.