वाजवणाऱ्याच्या कानाचे काय?

लग्नसराई आली किंवा गणपती आले की डीजेचा वाद पुन्हा पेपरात येतो. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची झोप, दहावी-बारावीची मुले, हृदयरोगी, थरथरणाऱ्या खिडक्या. हे सगळे खरे आहे आणि त्यावर लिहिले गेलेच पाहिजे. पण या वादात एक माणूस कुठेच नसतो. तो स्पीकरच्या भिंतीला टेकून गाडीवर उभा असतो. वरातीतले पाहुणे तासाभरात जेवायला जातात, हा मात्र शेवटपर्यंत तिथेच. आज मेहकर, उद्या मलकापूर, परवा देऊळगाव राजा. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्टीवाले, ताशावाले, डीजेच्या मिक्सरवर बसलेला विशीतला मुलगा, या सगळ्यांचे कान हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन आहे आणि त्याबद्दल आपण कोणीच बोलत नाही. ते स्वतःही बोलत नाहीत.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ही माणसे येतात, पण ‘ऐकू कमी येते’ असे सांगत नाहीत. रात्री कानात किर्र वाजते म्हणून झोप लागत नाही, चिडचिड होते, ‘बीपी असेल तर बघा’ असे म्हणतात. सोबत आलेली बायको सांगते, ‘टीव्हीचा आवाज इतका ठेवतात की गल्लीत ऐकू येतो.’

त्यांच्यातला एक ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. वय चाळिशीच्या आसपास. सामानाबद्दल त्याला विचारा, तासभर बोलेल. पंधरा इंची स्पीकर बरा की अठरा इंची, कोणता अॅम्प्लिफायर मे महिन्यात तापून बंद पडतो, तारा कधी बदलायच्या, हल्लीच्या कीबोर्डवरचा बेस म्हणजे कसा ‘प्लास्टिकचा’. प्रत्येक गोष्टीवर त्याचे ठाम मत आहे आणि बहुतेक वेळा ते अनुभवातून आलेले असते. कानाचा विषय काढला की मात्र एकच वाक्य: ‘त्याचं काय साहेब, सवय झाली.’ आणि वर एक सिद्धांत: ‘बेस कानानं ऐकायचाच नसतो. छातीत बसला पाहिजे.’

हा सिद्धांत अर्धा खरा आहे. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. इतक्या खालच्या सुरांसाठी माणसाचा कान मुळात मंद आहे. बोलण्याच्या पट्टीतला आवाज आपल्याला सहज ऐकू येतो, तेवढ्याच जोराचा बेस ऐकूच येत नाही. म्हणून बेससाठी प्रचंड शक्ती लागते. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो ‘दुप्पट मोठा’ वाटायला वॉट साधारण दहापट करावे लागतात. एका पेटीच्या चार पेट्या आणि चाराच्या सोळा का होतात, याचे उत्तर या हिशोबात आहे. (पश्चिम महाराष्ट्रात या भिंतीलाच ‘डॉल्बी’ म्हणतात. ज्या रे डॉल्बींचे हे नाव, त्यांची ख्याती टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी झाली. नावाचे असे हाल क्वचितच कुणाच्या झाले असतील.)

सिद्धांताचा उरलेला अर्धा भाग घातक आहे. छातीत बेस बसवण्यासाठी मुख्य आवाज वाढवला की त्याबरोबर गाणे, कीबोर्ड, ऑक्टापॅड सगळेच वाढते. शिवाय बेसवाल्याची जागा ठरलेली, ड्रमवाल्याच्या शेजारी. त्याचा कान खराब करतो तो बहुतेक वेळा त्याचा स्वतःचा बेस नाही, खांद्याशी वाजणारी झांज आणि स्नेअर ड्रम. आमच्या या बेसवाल्याची श्रवणचाचणी केली तेव्हा आलेख ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारखा खाली गेला होता, आणि ड्रमच्या बाजूच्या कानात खड्डा जास्त खोल होता. खालचे सूर त्याला अजून उत्तम ऐकू येतात. म्हणूनच आपले काही बिघडले आहे हे त्याला पटत नव्हते.

हा खड्डा गोंगाटामुळे होणाऱ्या बहिरेपणाची खूणच आहे. कारखान्यातला कामगार असो की ताशावाला, सुरुवात ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातच होते. एक कारण असे की बाहेरच्या कानाची नळी स्वतःच एखाद्या बासरीसारखी ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते. आत शंखाच्या आकाराच्या भागात साधारण पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. जन्मताना मिळतात तेवढ्याच, मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ‘सवय झाली’ याचा वैद्यकीय अर्थ एवढाच, की जो आवाज पूर्वी त्रास देत होता तो कळवणाऱ्या पेशी आता उरलेल्या नाहीत.

सुरुवातीला माणूस बहिरा होत नाही. त्याला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आपल्या भाषेत स, श, फ, थ ही व्यंजने वरच्या पट्टीत राहतात. ती गळली की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गोंधळ होतो. सुपारी ठरवताना, फोनवर तारीख घेताना, नातवाचे बोबडे बोल ऐकताना हा गोंधळ रोजचा होतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही लवकर मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कमी ऐकू येणे’ याची व्याख्या दोन्ही कानांनी, बोलण्याच्या पट्ट्यात ६० ते ७० डेसिबल नुकसान अशी आहे. आमचा बेसवाला तिथपासून खूप लांब आहे. कागदावर तो धडधाकट आहे.

यातली सर्वांत काळजीची गोष्ट मला वेगळीच वाटते. वरचे सूर ऐकू येईनासे झाले की वाजवणाऱ्याला आवाज ‘दबलेला’ वाटतो. तो मिक्सरवर वरची पट्टी वाढवतो. शेजारच्याला स्वतःचे वाद्य ऐकू येत नाही, तो आपले वाढवतो. रात्री दहापर्यंत सगळेच दोन-तीन खुंट्या वर गेलेले असतात. म्हणजे ज्याचे कान सर्वांत जास्त झिजलेले, तोच अख्ख्या गावासाठी आवाज ठरवतो. मांडवातल्या लहान मुलांचे कान वाचवायचे असतील तर आधी मिक्सरवरच्या मुलाचे कान वाचवावे लागतील.

किती आवाज किती वेळ चालतो? आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था अधिक सावध आहे: आठ तासांना ८५ डेसिबल, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. स्पीकरच्या भिंतीजवळ १०० हा आकडा मी सौम्यच धरतो आहे. तीन तासांची वरात म्हणजे पंधरा मिनिटांचे बारा डाव. एका संध्याकाळी बारा दिवसांचा वाटा संपला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी वरात आहेच.

आता याच हिशोबात कानात १५ डेसिबल आवाज कमी करणारे बोळे घाला. १०० चे ८५ झाले आणि पंधरा मिनिटांचे आठ तास. प्रत्यक्षात बोळे नीट बसत नाहीत, वर लिहिल्यापेक्षा कमी काम करतात, हे धरूनही एवढा फायदा देणारी दुसरी कोणतीही गोष्ट माझ्या औषधाच्या कपाटात नाही.

मग वादक ते का घालत नाहीत? मी अनेकांना विचारले. ‘लोक हसतात’ हे एक कारण, पण मुख्य तक्रार संगीताची आहे आणि ती रास्त आहे. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे वरचे सूर जास्त कापतात आणि खालचे कमी. गाणे घोंगडी पांघरून ऐकल्यासारखे होते. गायकाला स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. दोन गाण्यांनंतर बोळे खिशात जातात. यावर उपाय जुना आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत मीड किलियन यांच्या कंपनीने वादकांसाठी असे बोळे काढले, की जे सर्व पट्ट्यांतला आवाज जवळपास सारखाच कमी करतात. सूर तेच राहतात, फक्त दोन पावले मागे सरकून ऐकल्यासारखे वाटतात. कानाचे माप घेऊन केलेले महाग पडतात, पण त्याच तत्त्वावरचे तयार जोड एका बऱ्या बुटांच्या किमतीत ऑनलाइन मिळतात. पाच-सात हजारांचे पेडल घेताना मागेपुढे न पाहणारा वादक इथे हात आखडतो, हे मला पटत नाही. हे बोळेही सामानच आहे. तार तुटली तर नवी मिळते.

तोपर्यंत फोमचे बोळेही चालतील. एकही न घालण्यापेक्षा ते शंभरदा बरे. पण घालायची पद्धत हवी: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कापूस कोंबून फारसे काही साधत नाही.

संगीत आहे म्हणून ते कामगारांच्या नियमांतून सुटते, असा एक समज आपल्याकडे आहे. ब्रिटनमध्ये हा मुद्दा न्यायालयापर्यंत गेला. १ सप्टेंबर २०१२ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये वाग्नरच्या संगीताच्या तालमीत व्हायोला वाजवणारे ख्रिस गोल्डशायडर पितळी वाद्यांच्या अगदी पुढे बसले होते. त्यांचे कान कायमचे दुखावले, वादन सुटले. संस्थेचे म्हणणे होते की इथे आवाज हा कामाचा टाकाऊ भाग नाही, तेच आमचे उत्पादन आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयानेही वादकाच्या बाजूने निकाल दिला. आवाज सुंदर असला तरी केसपेशीला ते कळत नाही.

आपल्याकडे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हे नियम हवेत आणि पाळले जायला हवेत. पण ते परिसरासाठी आहेत, वाजवणाऱ्याच्या कानाशी किती आवाज आहे हे त्यांतून मोजले जात नाही. कामगारांच्या कायद्याच्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा व्यावसायिक आजार म्हणून नोंदवलेला आहे, तो गिरणीतल्या कामगारासाठी. बँडवाला कोणाचा कामगार, हे ठरवायचे कोणी? त्याला मालक नाही, हजेरीपट नाही, सुपारी आहे. नुसत्या बंदीने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. बंदी आली की कामे पोलिसांच्या नजरेआड होतात आणि कमाई घटल्यामुळे तोच मुलगा अधिक तास वाजवतो.

माझे मागणे साधे आहे. मिरवणुकीची परवानगी देताना वादकांच्या कानांच्या संरक्षणाची एक अट अर्जात घालता येईल. सुपारी देणाऱ्याने वादकांच्या जेवणाबरोबर बोळ्यांचाही खर्च धरावा. बँडच्या मालकाने दर तासाला दहा-पंधरा मिनिटे स्पीकरपासून लांब बसू द्यावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे गाडीवर कोण कुठे उभा राहील ते ठरवतानाही उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जो नमुना दिला, त्यातही सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा, आवाजावर सतत लक्ष, प्रेक्षकांना बोळे आणि बसायला शांत कोपरा हेच आहे. सिंदखेड राजाला १२ जानेवारीला, सैलानीच्या यात्रेला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत यातले निम्मे तरी करता येण्यासारखे आहे.

आणि तपासणी. बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे, जिल्हा पातळीवर श्रवणचाचणीची सोय त्यात धरलेली आहे. वादकांसाठी त्याची सर्वांत चांगली वेळ आषाढीनंतर गणपतीपर्यंतची. लग्ने बंद असतात, हाताशी वेळ असतो आणि कान विसावलेले असतात. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी चाचणी केली तर तात्पुरते नुकसानही त्यात मिसळते, म्हणून आदल्या दिवशी तरी कानाला पूर्ण आराम हवा. वीस वर्षांच्या मुलाचा पहिला आलेख हाती असला तर पुढच्या वर्षी किती घसरले ते कळते.

वरातीनंतर कान गच्च होणे, शिट्टी वाजणे हे सकाळपर्यंत ओसरले म्हणजे काही झाले नाही, असे समजू नका. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवले की ऐकणे पूर्ववत झाले तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले तर मात्र एकही दिवस थांबू नका, कारण तसे बहिरेपण आवाजाशिवायही येते. गायिका अलका याज्ञिक यांनी २०२४ मध्ये आपल्याला असा त्रास झाल्याचे जाहीर केले, तो विषाणूमुळे होता. तरीही त्यांनी तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजापासून आणि हेडफोनपासून जपायला सांगितले. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांत स्टेरॉइड सुरू झाले तर उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. ‘मळ असेल’ म्हणून आठवडाभर कानात तेल घालत बसलेले रुग्ण आमच्याकडे पोहोचतात तेव्हा ती वेळ गेलेली असते.