जन्माचे ३१ गुण आणि मुक्तीचा खेळ

पोकेमॉन म्हणजे पोरखेळ, असे समजून दुर्लक्ष करणारे आपल्या चळवळीत बरेच आहेत. कार्टून नेटवर्कवर पिकाचू पाहत वाढलेली आणि आता मोबाइलवर इम्युलेटर टाकून जुने गेम खेळणारी आपली पोरे मात्र त्यात तासन्‌तास रमतात. मग त्या खेळात कोणता विचार भरला आहे, हे आपण तपासायला नको का? त्यातही २०१० साली निन्टेन्डो डीएसवर आलेल्या ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘पोकेमॉन व्हाइट’ या जोडीचा, कारण इथे या मालिकेने स्वतःलाच प्रश्न विचारला.

खेळ तसा सोपा. हातात मावणाऱ्या यंत्रावर रानावनातून फिरायचे, पोकेमॉन नावाचे विलक्षण प्राणी चेंडूत पकडायचे, त्यांना तयार करायचे आणि दुसऱ्यांच्या पोकेमॉनशी झुंजवायचे. १९९६ पासून हेच चालले आहे. त्यात चांगलेही पुष्कळ आहे. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. कोणताच प्रकार सगळ्यांच्या वर नाही, उतरंड नाही. शिवाय दोन्ही आवृत्त्या मुद्दाम अपुऱ्या ठेवलेल्या असतात. दुसऱ्याशी देवाणघेवाण केल्याशिवाय संग्रह पुरा होत नाही. (कंपनीला त्यात दोन गेम विकता येतात, तो भाग वेगळा.)

‘ब्लॅक-व्हाइट’मध्ये सुरुवातीलाच टीम प्लाझ्मा नावाची संघटना भर चौकात सभा घेते. गेट्सिस हा तिचा नेता विचारतो, पोकेमॉनला ताब्यात ठेवण्याचा हक्क माणसाला कोणी दिला? त्यांना मुक्त करा. ऐकणारी माणसे गोंधळतात. पोकेमॉनची भाषा समजणारा एन नावाचा तरुण तर हा प्रश्न मनापासून जगतो. मुलांच्या खेळात मालकीचा प्रश्न इतक्या उघडपणे मांडला, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण उत्तर देताना खेळाने लबाडी केली. मुक्तीची भाषा करणारेच मुन्ना नावाच्या निरुपद्रवी पोकेमॉनला लाथा घालताना दाखवले. शेवटी गेट्सिसचे खरे रूप कळते: सगळ्यांनी आपापले पोकेमॉन सोडून द्यावेत आणि फक्त त्याच्याकडे उरावेत, हा त्याचा डाव. एनलाही त्याने त्यासाठीच वाढवलेले. म्हणजे प्रश्न विचारणारा भामटा निघाला, की प्रश्नही संपला! हा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का? नेत्याचे चारित्र्य हुडकायचे आणि मागणी बाजूला सारायची, हे आपण रोज पाहतो. वर त्या प्रश्नाचा निकाल कसा लागतो, तर त्याच पोकेमॉनना एकमेकांवर सोडून. ज्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न, त्यांनीच मालकासाठी लढून तो निकालात काढायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पोकेमॉन म्हणजे दलित, असे मी म्हणत नाही. माणसाला जनावराच्या पंगतीला बसवण्याचा उद्योग या देशात पुरेसा झाला आहे. मी बोलतोय ते युक्तिवादाच्या घडणीबद्दल. ‘ते आमच्याकडे सुखी आहेत’ हे या खेळाचे अंतिम उत्तर. त्याची साक्ष कोण देतो? एन. तुमचा पोकेमॉन तुमच्यावर प्रेम करतो, असे त्याने म्हणे ऐकले होते. पोकेमॉन स्वतः आपल्याशी एक अवाक्षर बोलत नाही. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावे हे मांडले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. आपल्या वतीने बोलणाऱ्या भल्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यासाठी तेव्हाच निकालात निघाला होता. एन प्रामाणिक आहे, पण तो एनच आहे.

खरी मेख मात्र कथेत नाही, हिशेबात आहे. २००२ नंतरच्या या खेळांत प्रत्येक पोकेमॉनला जन्मतः सहा बाबतींत ० ते ३१ यांपैकी एकेक आकडा मिळतो. पडद्यावर तो दिसत नाही आणि ‘ब्लॅक-व्हाइट’मध्ये कितीही सराव केला तरी बदलत नाही. सरावाचे गुण वेगळे मिळतात, पण त्यांना मर्यादा आहे. शंभराव्या पातळीला, स्वभावाचा भाग बाजूला ठेवला तर, सहा बाबी मिळून सरावाची भर जास्तीत जास्त १२७. जन्माची भर मात्र १८६ पर्यंत. सहाही आकडे ३१ असलेला पोकेमॉन निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता १,०७,३७,४१,८२४ मध्ये एक. म्हणून स्पर्धेत उतरणारे खेळाडू चांगल्या ‘वंशा’ची जोडी लावतात, ढीगभर अंडी उबवतात आणि गिअर स्टेशनवरच्या परीक्षकाला दाखवून कमअस्सल पिल्ले सोडून देतात. ज्या खेळात मुक्तीवर एवढी चर्चा, त्यात प्रत्यक्ष मुक्तता होते ती या नको असलेल्यांची!

‘मेरिट’वाल्यांच्या डोक्यातला समाज नेमका असाच असतो. क्षमता जन्मतःच ठरलेली, परीक्षेने ती फक्त उघड करायची. फरक एवढाच की पोकेमॉनच्या पोटात तो आकडा खरोखर आहे, कारण प्रोग्रॅमरने तो तिथे लिहिला. माणसाच्या देहात असा आकडा कोणी लिहिलेला नाही. तो लिहिला गेला तो ग्रंथांत, आणि अंमल झाला तो पाणवठ्यावर, शाळेत, जमिनीच्या सातबाऱ्यावर.

आणि प्रोग्रॅमरचा नियमही बदलतो. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’ या गेममध्ये विशेष प्रशिक्षणाची सोय आली. मूळ आकडा तोच राहतो, पण लढताना तो ३१ धरला जातो. अट अशी, की त्यासाठी आधी शंभरावी पातळी गाठायची. जन्मतः ३१ घेऊन आलेल्याला ही अट नाही.