खेळ यंत्राचा, सोबत माणसाची

निवृत्त माणसाने व्यायाम करावा, हा उपदेश नवा नाही. डॉक्टर तो औषधाच्या चिठ्ठीबरोबर देतात, मुले-सुना उठताबसता देतात आणि ज्येष्ठ मंडळी मान डोलावून पुन्हा आरामखुर्चीत बसतात. याचे कारण अज्ञान नव्हे, कंटाळा हे आहे. तीस-पस्तीस वर्षे शाळेच्या घंटेवर किंवा कचेरीच्या हजेरीपटावर चाललेल्या देहाला भिंतीचा आधार घेऊन वीस वेळा पाय उचलण्यात गोडी वाटत नाही, यात नवल ते काय? म्हणूनच वृद्धांच्या व्यायामासाठी 'आभासी वास्तवा'चे, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचे, खेळ वापरण्याची कल्पना श्रीमंतांचे खूळ म्हणून उडवून लावता येणार नाही. मात्र तिचा जयजयकार करण्याचीही घाई नको.

प्रश्न करमणुकीपुरता नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. या वयात घरातल्या घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, की कालपर्यंत स्वतः बाजारहाट करणारा माणूस न्हाणीघरापर्यंत जाण्यासाठीही परस्वाधीन होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आणि त्यातच निदान तीन दिवस तोल व ताकद वाढविणाऱ्या हालचालींवर भर दिला, तो याचसाठी. कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या गेल्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष होता. औषध ठाऊक आहे. ते रोज घेतले जात नाही, एवढेच.

येथे खेळाचा उपयोग होतो. डोळ्यांवर हेडसेट चढवून हातात दोन मुठी धरल्या, की मान व हात यांची प्रत्येक हालचाल यंत्र टिपते. 'बीट सेबर' या खेळात संगीताच्या तालावर समोरून ठोकळे येतात. ते हातातील प्रकाशाच्या तलवारीने छेदायचे आणि मध्येच आलेल्या भिंती चुकवायला बाजूला सरायचे किंवा वाकायचे. खांदा किती वेळा वर गेला, हे खेळणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही.

तथापि यंत्रात जादू नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवरील ७२ चाचण्यांचा कॉक्रेनचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. हाताच्या हालचाली सुधारण्यात आभासी वास्तव नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरत नाही. मात्र नेहमीच्या उपचारांना त्याची जोड दिली आणि व्यायामाचा एकूण वेळ वाढला, तर लाभ दिसतो, असे त्याने नोंदविले. २०२५ च्या सुधारित आढाव्यातही यंत्राच्या बाजूने दिसलेला फरक थोडाच होता. हे निष्कर्ष रुग्णांविषयीचे असले, तरी त्यांतील बोध निरोगी वृद्धांनाही लागू पडावा. गुण श्रमाचा असतो. यंत्र फार तर त्या श्रमाची गोडी लावते.

शिवाय धोकेही आहेत. डोळे 'आपण पुढे जात आहोत' म्हणतात आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय 'आपण स्थिर आहोत' म्हणते. या विसंवादातून मळमळ व भोवळ येते. खऱ्या खोलीतील तिवई दिसत नाही. पडणे टाळण्यासाठी आणलेल्या यंत्रानेच माणूस पडावा, यासारखी विटंबना कोणती? तेव्हा प्रारंभ खुर्चीत बसून, मोजकी मिनिटे आणि कुणीतरी शेजारी उभे असतानाच व्हावयास हवा.

नेमके हे 'कुणीतरी' हिशेबातून निसटते. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलाने महागडा हेडसेट पाठवून कर्तव्यातून मोकळे व्हावे आणि चार दिवसांनी ती पेटी कपाटावर धूळ खात पडावी, हा प्रकार अपवादात्मक ठरणार नाही. २००६ साली बाजारात आलेल्या निन्टेंडोच्या 'वी' यंत्रावरील बोलिंगचा खेळ अमेरिकेतील वृद्धांच्या निवासांत लोकप्रिय झाला, तो दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर, चारचौघांत. तेथे संघ झाले, सामने झाले, हारजीत झाली. हेडसेट मात्र स्वभावतःच माणसाला एकटे पाडतो. म्हणून त्याला तर सोबतीची गरज अधिकच आहे.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, विरंगुळा केंद्रे आहेत. प्रयोग करावयाचा तर तो तेथे व्हावा. एका केंद्रात एक-दोन यंत्रे पुरतील. फिजिओथेरपिस्टने प्रत्येकाची प्रकृती पाहून खेळ ठरवून द्यावा आणि जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आळीपाळीने शेजारी उभे राहावे. सहा महिन्यांनी किती जण टिकले आणि किती जणांना हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येऊ लागले, याची नोंद ठेवावी. आकडे अनुकूल नसतील, तर यंत्र निःसंकोच बाजूला ठेवून लेझीम हाती घ्यावी. नगरपालिकांनी मात्र पैसा केवळ यंत्रखरेदीवर आणि उद्घाटनावर खर्च करू नये. वृद्धाच्या हाती खेळ देताना त्याला सावरणारा हातही अंदाजपत्रकात धरला पाहिजे.