टाळ्या वाजल्या, पुढे काय?

आपल्या गावात बायकांच्या प्रश्नावरचे नाटक कसे होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. आठ मार्च जवळ आला की वरून निरोप येतो. शाळेच्या पटांगणात माईक लागतो. पोरंपोरी 'लेक वाचवा'चे पथनाट्य करतात, सरपंच नारळ फोडतात, फोटो निघतो, अहवाल तालुक्याला जातो. विषय संपला! खरंच संपतो का हो?

हा प्रश्न पडत असेल त्याने ज्योती म्हापसेकर यांचे काम बघावे. १९७५ साली मुंबईत स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी त्या एक. नोकरी ग्रंथपालाची. १९८३ साली त्यांनी 'मुलगी झाली हो' हे नाटक लिहिले. संघटनेच्या बायकाच त्यात उतरल्या. मुलगी जन्मली की घरातल्यांची तोंडं का उतरतात, हे त्यांनी गाण्यांतून, हसतखेळत विचारले. पुण्यात कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, तिथे तिकीट काढून नाटक बघता येते. पण खुरपणीला जाणारी बाई कोथरूडला कधी जायची? नाटकच तिच्याकडे गेले पाहिजे. फारसा सरंजाम लागत नसल्याने हे नाटक वस्त्यांत गेले, खेड्यांत गेले. त्याचे प्रयोग हजारांच्या घरात झाले, दुसऱ्या भाषांतही ते गेले.

मग प्रश्न सुटला का? नाही सुटला. महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला हा आकडा ८०७ वर आला. गर्भलिंग तपासणीविरुद्ध राज्याने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. कायदा कागदावर राहिला आणि सोनोग्राफीचे यंत्र तालुक्यापर्यंत पोचले. म्हणजे नाटक फुकट गेले, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. जे घरात दबक्या आवाजात चालते ते चारचौघांत बोलायला लावणे, हे नाटकाचे काम. ते त्याने केले. पुढचे काम माणसांनी करायचे असते.

म्हापसेकरबाईंचे मोठेपण इथेच आहे. त्या नाटकावर थांबल्या नाहीत. 'हुंडा नको गं बाई' लिहिले, पण त्याचबरोबर संघटनेने नांदायला त्रास होणाऱ्या बायकांसाठी सल्ला केंद्रेही चालवली. १९९८ मध्ये मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायांसाठी 'परिसर विकास' हे काम सुरू केले. या बाया कोण? त्यांतल्या बऱ्याच जणी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून गेलेल्या भूमिहीन, दलित घरांतल्या. म्हणजे आपल्याच गावकुसाबाहेरच्या लेकीसुना. त्यांना बचत गटात आणले, ओल्या कचऱ्याचे खत करायला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्राचे बायोगॅस प्रकल्प चालवायला शिकवले.

कचरा हा शहराचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणू नये. कोथरूडला पूर्वी कचरा डेपो होता. वस्ती वाढली, डेपो बंद झाला आणि पुण्याच्या कचऱ्याचा भार उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारावर पडला. तिथल्या विहिरी नासल्या, शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. घराघरात ओले-सुके वेगळे निघाले असते तर एवढा डोंगर साचला नसता. पुण्यात हे काम १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायांनी हाती घेतले. २००८ पासून 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेमार्फत त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. शहरातल्या या बाईच्या हाताला किंमत आली की गावच्या विहिरीवरचा भार हलका होतो, असा हा सरळ हिशेब आहे.

आता आपल्या ग्रामपंचायतीकडे वळू. यंदा पथनाट्य ठेवाल तेव्हा ते दुपारी बारा वाजता ठेवू नका, तेव्हा बाया रानात असतात. दिवेलागणीनंतर पारावर ठेवा. बायकांना पुढे बसवा आणि खेळ झाल्यावर तासभर बोलू द्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असे कायदाच सांगतो. ती नुसत्या सह्यांपुरती नको. जन्माच्या नोंदवहीतून मागच्या पाच वर्षांत किती मुलगे झाले, किती मुली, हे मोठ्याने वाचून दाखवा. एका सालचा आकडा फसवा असतो, पाच वर्षांचा खोटे बोलत नाही. नमुना आठला घर किती जोडप्यांच्या दोघांच्या नावावर आहे, तेही वाचा. आणि बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. लग्नाची पत्रिका हातात पडली की जेवायला जाण्याआधी मुलीचे वय बघावे.

यातल्या एकाही गोष्टीला वेगळा निधी लागत नाही, वरच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. लागते ती थोडी हिंमत. कारण वाचून दाखवलेला आकडा कुणाच्या तरी घरचा असतो, आणि ते घर बहुधा पुढाऱ्याचे किंवा भावकीतले निघते. एका नोकरदार बाईने नाटक लिहून चाळीस वर्षे त्याचा पाठपुरावा केला. आपल्याला पुढच्या ग्रामसभेपर्यंत तरी जमायला हवे.